लाल्याची खांदेमळणी

माझ्या सासऱ्यांनी भर बैठकीत लाकूड फोडायच्या मशीनला बैल म्हटलं, आणि तिथून पोळ्यापर्यंत आमच्या घरात कुणाला धड घास गेला नाही.

नरडाण्याजवळच्या आमच्या गावात पोळ्याला गावदरवाजातून कुणाचे बैल कुणाच्या मागे जाणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. पहिला मान रुपचंदभाऊंच्या घराचा, दुसरा आमचा. मी धुळ्यातल्या देवपूरची. आमच्याकडे पोळा म्हणजे बाजारातून आणलेली मातीची जोडी आणि पुरणपोळी, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा या रांगेचं मला हसूच आलं होतं. पण आबांसमोर हसायची टाप नव्हती. आबा म्हणजे माझे सासरे, झिपरूआबा. लग्नाच्या हॉलमध्ये कुणी मागच्या खुर्चीवर बसवलं तर गुपचूप बसतील, पण पोळ्याच्या रांगेत कुणी त्यांच्या पुढे पाऊल टाकलं तर जागेवर भांडण.

आमचा शेवटचा बैल कोश्या यंदा चैत्रात म्हातारपणानं गेला. त्याचा जोडीदार आधीच गेला होता. शेताची नांगरटी ट्रॅक्टरनं होते, तेव्हा नवी जोडी घेण्यात अर्थ नव्हता, आणि हे आबांनाही कळत होतं. पोळा जवळ आला तशी मारुतीच्या पारावर बैठक भरली. रुपचंदभाऊ म्हणाले की ज्याच्या दारात बैल नाही त्याची जागा मागच्यानं घ्यावी, हा जुना नियम आहे. ते वाईट बोलले नाहीत. मागे उभे राहणारेही वर्षानुवर्षं वाट बघत होतेच. पण आबा ताडकन उठले.

"मना घर बी बैल शे," आबा म्हणाले. "खळामा उभा शे."

खळ्यात काय उभं आहे हे गावाला माहीत होतं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. रुपचंदभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि आबांकडे बघून शांतपणे म्हणाले, "बैल काम करस, भाऊ. तुन्हा बैल दरवाजापुढे काम करी दखाडी दी, तं जागा तुन्ही. नई ते पुढला साले बोलानं नई."

आबा हो म्हणून घरी आले. आल्यावर त्यांनी मला विचारलं की आपलं मशीन पोळ्यापर्यंत ठणठणीत राहील ना. मी कपाळावर हात मारला.

आता या मशीनबद्दल सांगते. माझे वडील बन्सीलाल देवपुरात इंजिनं आणि पंप दुरुस्त करायचे, आणि मी त्यांच्या दुकानात तेलाच्या वासात वाढले. धुळ्यात कय्युमभाईंची लाकडाची वखार आहे. हॉटेलांच्या भट्ट्यांना आणि लग्नाच्या आचाऱ्यांना ते जळाऊ लाकूड पुरवतात. वडिलांची आणि त्यांची जुनी दोस्ती. वखारीतलं एक मशीन त्यांनी विकायला काढलं तेव्हा मी हट्टानं ते घ्यायला लावलं. पेट्रोलचं इंजिन, त्याच्या जोरावर तेल ढकलणारा पंप, तेलाच्या दाबानं पुढे सरकणारा दट्ट्या आणि समोर पोलादी पाचर. मधल्या लोखंडी पाटावर ओंडका ठेवायचा, दांडी ओढायची, की दट्ट्या ओंडक्याला पाचरीवर रेटतो आणि बाभळीचे दोन उभे तुकडे पडतात. बांधावरची वेडी बाभूळ लोक आमच्याकडे आणतात, मी फोडते, कय्युमभाईंचा टेम्पो घेऊन जातो. माझा नवरा हितेंद्र नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, म्हणून मशीन चालवायचं काम माझं. रंग लाल, म्हणून आबांनी त्याला लाल्या हे नाव आधीच देऊन टाकलं होतं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मशीनची ठरलेली देखभाल तशीही जवळ आली होती. इंजिनचं तेल बदलायचं, प्लग साफ करायचा, हवेची जाळी धुवायची, पाचरीला धार लावायची, सगळे नट आवळायचे. मी म्हटलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी हे सगळं उरकून टाकते. आबांचा चेहरा फुलला. आदला दिवस म्हणजे खांदेमळणीचा. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे सुजलेले असतात, त्यांना त्या दिवशी तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. आबांना वाटलं मी मुहूर्त बघून दिवस ठरवला. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

त्या दिवशी सकाळपासून खळ्यात दिवाळी असावी असं वातावरण होतं. हितेंद्रनं सुट्टी घेतली होती. आबा धोतर खोचून तयार, आणि सासूबाई, म्हणजे धुरपदाबाई, ज्यांना आम्ही अक्का म्हणतो, त्या दारात पाट टाकून बघायला बसलेल्या. मी आधी इंजिन थोडं चालवून गरम केलं, कारण गरम तेल पातळ होऊन घाणीसकट खाली येतं. मग ते घमेल्यात सोडलं. काळंकुट्ट निघालं. बैलाचं पोट साफ झालं, असं आबा समाधानानं म्हणाले. प्लग काढून तारेच्या ब्रशनं घासला तर ते म्हणाले, दात घासले. पाचरीवर कानस फिरवली तर, शिंगं साळली. माझंही मन हळूहळू त्यात गुंतायला लागलं, आणि एका क्षणी मीच बोलून गेले की आता चाकात हवा भरली की खूर झाले.

त्याआधी, इंजिन गरम होत असतानाच तेलाच्या नळ्या तपासल्या, तेव्हा मात्र मी सासऱ्यांच्या हातावर फटका मारला. गावात एवढं धाडस केलेली मी पहिलीच सून असेन. मशीन चालू होतं आणि आबा मायेनं नळीवरून तळवा फिरवत होते, जसा ते कोश्याच्या मानेवरून फिरवायचे. त्या नळीत एवढा दाब असतो की केसाएवढ्या भोकातून निघालेलं तेल सरळ कातडीत शिरतं, आणि मग हात कापायची वेळ येते. म्हणून नळीवरून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा, तेल फुटत असेल तर पुठ्ठ्यावर डाग येतो. अक्का पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. आबा हात चोळत म्हणाले की बैल मारका आहे हे आधी सांगायचं.

नळ्या चांगल्या होत्या, पण सुरू करायची दोरी पार झिजली होती आणि दाबाच्या तेलाचा फिल्टरही बदलायला झाला होता. दोन्ही आणायला मी स्कूटीवरून नरडाण्याला गेले. जाताना दोघा बापलेकांना बजावलं की कशाला हात लावू नका. हितेंद्रनं मान डोलावली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याची मान डोलते तेव्हा तो ऐकत नसतो, हे मी पुन्हा विसरले.

परत आले तर खळ्यात मशीन नाही. तेवढ्यात विहिरीकडून दोघं मशीन ढकलत येताना दिसले. लाल्या नुसता चमकत होता. चाकांच्या आऱ्यांत चिखलाचा कण नव्हता आणि इंजिनच्या पंख्यांमधून पाणी निथळत होतं. आबा लांबूनच हसत होते.

"त्याले आंघोय घाली दिन्ही," ते म्हणाले. "बिगर आंघोयना बैल दरवाजाले कसा जाई?"

पोळ्याला बैल धुतात, तसा त्यांनी तो धुतला होता. बादल्यांनी समाधान झालं नाही म्हणून विहिरीवरच्या मोटारीचा पाइप लावून, खालून-वरून, कानाकोपऱ्यातून. मी फिल्टर बसवला, दोरी बदलली, इंजिनात नवं तेल भरलं, प्लग पुसला आणि मनातल्या मनात जप करत दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. दांडी ओढली तर दट्ट्या निघाला, पण असा, की चालायची इच्छा नाही आणि कुणीतरी मागून ढोसतंय. चार-सहा वेळा मागेपुढे केला आणि इंजिन बंद केलं. चाकांच्या मधल्या, दाबाच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडून मोजपट्टी बाहेर काढली. सोनेरी तेलाच्या जागी पट्टीला पांढरं ताक लागलं होतं.

त्या झाकणाला टाकीनं श्वास घ्यावा म्हणून बारीक भोकं असतात. मोटारीच्या दाबाचं पाणी तिथून आत गेलं होतं. पाण्यानं ताक झालेलं तेल दाब धरत नाही, वर पंपाला आतून खाऊन टाकतं.

मी खूप बोलले. हितेंद्रला बोलले, त्याच्या डोलणाऱ्या मानेला बोलले, पोळ्याला बोलले, सगळ्या गावाला बोलले. आबांना थेट बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मशीनकडे बघून म्हटलं, "हे जनावर नाही. याला धुतलं की हे मरतं."

आबा खळ्याच्या कठड्यावर बसले. मग एवढंच म्हणाले, "कोश्याले बी मी असंच धोयेल शे, पोरी."

माझा राग पार्‍यासारखा खाली आला. आत्तापर्यंत मला वाटत होतं की हा म्हातारा रांगेसाठी हट्ट करतोय. त्याच्या दारातून बैल गेला होता, आणि त्याचे हात रिकामे राहिले होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी कय्युमभाईंना फोन लावला.

दाबाचं तेल बादलीभर लागतं, आणि सणामुळे नरडाण्यातलं ते दुकान दुपारीच बंद झालं होतं. कय्युमभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोटभर हसले. मग म्हणाले की वखारीत एक भरलेली बादली आहे, सोबत एक फिल्टर आहे, सकाळी स्वतः घेऊन येतो. तोवर जुन्या तेलाचा थेंब आत राहू देऊ नकोस. फोन ठेवताना त्यांनी विचारलं की पुरणपोळी खापरावरची आहे ना.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं कामाला भिडलो. टाकीची खालची चावी उघडून पांढरं तेल सोडलं. नळ्या सोडल्या, आणि आबा नि हितेंद्रनं जोर लावून दट्ट्या हातानं मागे रेटला, म्हणजे आतलंही तेल बाहेर येईल. टाकीत हात घालून मी कोरड्या फडक्यानं पुसत राहिले. दिवस मावळायला आला तेव्हा अक्का वाटीत तूप-हळद घेऊन आल्या. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि खांदा कोणता ते विचारलं. मी लोखंडी पाट दाखवला, कारण सगळा भार तोच सोसतो. पण तूप लावू दिलं नाही. तुपाला धूळ आणि मुंग्या चिकटतात, पाटाला ग्रीसच लागतं. यावर थोडी झकाझकी झाली आणि तडजोड निघाली. पाटावर ग्रीस आबांनी स्वतःच्या हातानं चोळायचं आणि तूप-हळदीचं एक बोट बाजूला ओढायचं. आबांनी इतकं सावकाश, इतकं जोर देऊन ते ग्रीस चोळलं की मीही हातातलं फडकं ठेवून बघत राहिले.

"आज आवतन ल्या," अक्का मशीनला म्हणाल्या, "सकाय जेवाले या."

सकाळी कय्युमभाई मोटरसायकलवर बादली बांधून आले. आम्ही फिल्टर पुन्हा बदलला, तेल ओतलं. पहिल्यांदा दट्ट्या झटके देत चालला, कारण नळ्यांत हवा होती. मागेपुढे, मागेपुढे करत हवा निघाली आणि मग तो लोण्यातून सुरी जावी तसा सरकायला लागला. मी एक सरळ ओंडका लावला. ताडकन दोन तुकडे. हितेंद्रनं शिट्टी मारली. कय्युमभाईंनी आबांना मिठी मारली आणि दोघांच्याही पांढऱ्या कपड्यांना काळे ठसे पडले.

मग सजावट. कोश्याची झूल आबांनी पेटीतून काढली होती. ती ते इंजिनवर टाकणार होते. मी ओरडले की धुराड्यावर कापड टाकलं तर बैल नाही, होळी निघेल. शेवटी झूल टाकीवर बसली, पाचरीच्या मागे बाशिंग बांधलं, घुंगरमाळ पाटाखाली. आणि सुरू करायच्या नव्या दोरीच्या मुठीला आबांनी कोश्याच्या कासऱ्याचा लाल गोंडा बांधला. तो मला विचारून बांधला, हे विशेष.

निघताना ते घरामागे गेले आणि एक गाठीचा ओंडका खांद्यावर घेऊन आले. तो मी ओळखला. कोश्याला ज्या बाभळीखाली बांधत, ती उन्हाळ्यातल्या वावटळीत पडली होती. बाकी सगळी फोडली, पण बुंध्याचा हा दुबेळक्याचा तुकडा आबांनी मला कधी फोडू दिला नव्हता. एवढ्या वेड्यावाकड्या गाठीत कुऱ्हाड अडकून बसते. मी विचारलं, सोपा ओंडका नेऊ या का. ते नाही म्हणाले.

गावदरवाजापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधलेलं, डफडी वाजतायत, गुलाल उडतोय, रंगवलेली शिंगं उन्हात लखलखतायत. आम्ही लाल्याला ओढत दुसऱ्या जागेवर आणून उभा केला. आधी हशा झाला, मग शिट्ट्या, मग लोक बघायला पुढे सरकले. बायका कधी या रांगेत उभ्या राहत नाहीत, त्यामुळे मी मागे राहावं असं एकानं सुचवलं. मी त्याला सांगितलं की मग मशीन तू चालव. तो मागे सरकला. दोरीची मूठ माझ्या हातात होती. एकदा ओढायची खोटी.

आमच्या अगदी पुढे रुपचंदभाऊंची जोडी होती. त्यातला एक नवा खोंड, पहिल्याच पोळ्याला आलेला. रुपचंदभाऊंनी मागे वळून मान हलवली, म्हणजे दाखवा आता. मी पाय रोवला. आणि आबांचा हात माझ्या मनगटावर आला.

ते मशीनकडे बघत नव्हते. ते त्या खोंडाकडे बघत होते. मला तो नुसता उभा दिसत होता. आबांना त्याचे ताठ झालेले कान दिसत होते आणि पाठीवरची थरथरणारी कातडी. डफडी लांब होती, हे इंजिन त्याच्या शेपटीशी वाजणार होतं. मागे सगळ्या गावाची जनावरं खेटून उभी, आणि त्यांच्या पायांत पोरं.

"आते नको," आबा म्हणाले. "जनावरं बुजतीन."

मला रडू फुटायचं बाकी होतं. मी कळवळून सांगितलं की तयार आहे, एका ओढीत सुरू होईल, आणि आत्ता नाही तर जागा गेली. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी मनगट सोडलं नाही. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं की बैल बसला वाटतं, आणि पुन्हा हशा झाला. बिघडलंय म्हणून म्हातारा बहाणा करतोय, हेही ऐकू आलं. आबांनी नि हितेंद्रनं लाल्याला बाजूला, लिंबाच्या झाडाखाली ओढलं आणि जागा मोकळी केली.

रुपचंदभाऊंच्या जोडीनं तोरण तोडलं, एकच जल्लोष झाला, आणि मागचा माणूस आपली जोडी घेऊन आमच्या जागेवर आला. मग बाकीचे. आबा लिंबाखाली उभे राहून प्रत्येक बैलाला हात जोडत होते. मी मशीनच्या चाकाला टेकून बसले होते आणि रागानं माझे कान तापले होते. कय्युमभाई शेजारी येऊन बसले.

बैल गेले. धूळ बसली. लोक पांगायला लागले तेवढ्यात रुपचंदभाऊ गल्लीतून परत येताना दिसले. जोडी घरी बांधून आले होते, हात मोकळे. ते थेट आबांसमोर उभे राहिले. खोंडाचा कासरा त्यांच्याच हातात होता, तेव्हा तो किती थरथरत होता हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"जनावरं घर गयात, भाऊ," ते म्हणाले. "आते तुन्हा काढ."

आणि त्यांनी खाली पडलेलं तोरण उचललं. तुटलेल्या ठिकाणी गाठ मारली, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं कुणीतरी धरावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मघाशी बैल बसला म्हणणाराच पुढे आला. दोघांनी हात उंच करून तोरण दरवाजात धरलं. पांगलेले लोक परत वळले. पोरं दरवाजाच्या कठड्यावर चढली.

आम्ही लाल्याला मध्यभागी आणलं. आबांनी बाभळीचा गाठाळ ओंडका पाटावर ठेवला, त्यावर क्षणभर हात ठेवला, आणि मग त्यांनी स्वतः दोरीची मूठ धरली. मान घराचा, तेव्हा सुरुवात घरधन्यानं करायची. त्यांनी ओढली. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा ओढली. त्यांचा खांदा जुना, दोरी अर्ध्यावर थांबली. कुणी हसलं नाही. हितेंद्र पुढे झाला. आबांनी त्याला मागे सारलं आणि लाल गोंड्याची मूठ माझ्यासमोर धरली.

"तू धर," ते म्हणाले. "कासरा गडीना हातमा शोभस."

मी पदर खोचला, श्वास घेतला आणि ओढली. लाल्या एका ओढीत सुरू झाला. आवाज दरवाजाच्या दगडांवर आपटून दुप्पट झाला, पोरांनी कान झाकले आणि ओरडायला सुरुवात केली. मी आबांना दोन हात मागे उभं केलं आणि दांडी ओढली. दट्ट्या सरकला, ओंडक्याला भिडला, पाचर गाठीत शिरली आणि थांबली. इंजिनचा आवाज खाली गेला. माझ्या डोळ्यांसमोर ते पांढरं ताक आलं. मी दांडी सोडली नाही. काल पुसलेली टाकी, आबांनी चोळलेला पाट, कय्युमभाईंनी आणलेलं तेल, सगळं त्या एका पाचरीमागे उभं होतं. आधी बारीक करकर आली. मग गाठीच्या पोटातून एक लांब चीर धावत गेली आणि बाभूळ फाटली. आतलं लाल लाकूड उघडं पडलं आणि दोन तुकडे दोन बाजूंना धाडदिशी पडले.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. गुलाल, डफडी, कय्युमभाई टोपी हवेत उडवतायत, हितेंद्र शिट्ट्या मारतोय. मी इंजिन बंद केलं. आबा आणि हितेंद्रनं लाल्याला ओढत नेलं, बाशिंग तोरणाला भिडलं आणि तोरण दुसऱ्यांदा तुटलं. रुपचंदभाऊंनी तिथेच सांगून टाकलं की पुढल्या वर्षापासून झिपरूभाऊंचा बैल सगळ्यात शेवटी, जनावरं घरी गेल्यावर, आणि त्याच्यासाठी तोरण पुन्हा बांधायचं. दुसरी जागा गेली ती गेलीच. आबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की शेवटच्याची वाट सगळ्यांना बघावी लागते, हे बरं आहे.

दारात अक्का ओवाळायला उभ्या होत्या. ताटात खापरावरची मोठी पुरणपोळी. त्यांनी लाल्याला कुंकू लावलं आणि गंभीरपणे मला विचारलं, "भूमी, येन्हं तोंड कोठे शे वं?"

आबा म्हणाले पेट्रोलची टाकी. हितेंद्र म्हणाला पाचर. मी दोघांनाही ताटाजवळ येऊ दिलं नाही, कारण पुरण एकदा पंख्यांत गेलं की साफ करायला मलाच बसावं लागलं असतं. शेवटी पोळीचा घास लाल्याच्या चाकापाशी ठेवला आणि तो मुंग्यांनी नेला.

मग पंगत बसायची वेळ झाली. आमच्याकडे पोळ्याला बैलानंतर पहिलं ताट गड्याचं. वर्षभर जो बैल हाकतो, त्याला घरधनी स्वतः वाढतो आणि नवा रुमाल देतो. घरात गडी राहिला नाही, तरी आबा दर पोळ्याला एक रुमाल आणायचे आणि पेटीत ठेवून द्यायचे. मी चुलीपाशी पोळ्या उलटत होते. बाहेर आबांनी हाक मारली, गडी कुठे आहे म्हणून. मला वाटलं हितेंद्रला बोलावतायत. अक्कांनी माझ्या हातातला चिमटा काढून घेतला आणि मला दंडाला धरून ओसरीवर आणलं.

पहिला पाट रिकामा होता. कय्युमभाई दुसऱ्या पाटावर, हितेंद्र तिसऱ्या. आबांनी मला पहिल्या पाटावर बसवलं, घडी मोडून नवा लाल रुमाल माझ्या खांद्यावर टाकला आणि वाकून माझ्या ताटात पुरणपोळी वाढली. त्यांच्या नखांत अजून ग्रीस होतं. मी खाली मान घालून जेवले.

दुसऱ्या दिवशी टेम्पोभर बाभूळ फोडायची होती. मी तोच रुमाल डोक्याला बांधला आणि दोरी ओढली.